ऑनलाइन उपासना चालते, मग इथल्या मंडळीत (चर्चच्या सभासदांत) नाव घालायची खरंच गरज आहे का?

मूळ_नगरकर:
सगळ्यांना सलाम. मी मूळचा नगरचा, आता वाकडला, बायको आणि 5 वर्षांची मुलगी. लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर उपासना बघायची सवय लागली ती सुटलीच नाही. नगरच्याच मंडळीची लाईव्ह असते, गाणी ओळखीची, पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू ओळखीचे, सोफ्यावर बसून ऐकतो आणि वाटतं झालं की. पण परवा मुलगी म्हणाली, या टीव्हीतल्या लोकांना आपण कधी भेटणार? तेव्हापासून डोक्यात तेच. जवळ एक इंग्लिश चर्च आहे, मराठी मंडळी गाठायची तर तासभर गाडी चालवावी लागते. आई फोनवर एकच सांगते, आधी नाव घाल. नाव घालून नक्की काय होतं? वचन तर घरीही ऐकतोच ना.

दोन_मुलांची_आई:
दादा, आमच्या मिस्टरांची बायपास झाली तेव्हा पुण्यात आमचं कोणी म्हणजे कोणी नव्हतं, मंडळीत नाव घालून जेमतेम आठ महिने झालेले. रविवारी आमचा बाक रिकामा दिसला म्हणून महिला मंडळाच्या एका ताईंनी दुपारी फोन केला आणि संध्याकाळी त्या दवाखान्यात हजर. पुढे तीन आठवडे डबा आला, कोणी कधी आणायचा ते त्यांनीच आपसात ठरवलेलं, रात्री झोपायला तरुण संघातली मुलं. लाईव्हवर तुम्ही एखादा रविवार नसलात तर कोणाला कळणार? आणि आता मी दुसऱ्यांचे डबे करते, ते मला जास्त मोलाचं वाटतं. बायबलमधलं इब्री 10:25 काढून वाचा, एकत्र जमणं सोडू नका असं स्पष्ट लिहिलंय.

वसईकर:
तुम्ही प्रोटेस्टंट, मी कॅथलिक, पण बोलतो. आमच्याकडे धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीचा समाज, हा फक्त रविवारच्या मिस्सा उपासनेपुरता नाही. 1918 साली वसईतल्या कॅथलिक लोकांनी एकत्र येऊन सहकारी पतसंस्था काढली, तीच आजची बॅसीन कॅथलिक बँक. एकमेकांना ओळखणारी, एकमेकांच्या शब्दावर विश्वास टाकणारी माणसं होती म्हणून ते उभं राहिलं. एकट्याच्या भक्तीतून असलं काही उभं राहत नाही असं माझं ठाम मत आहे.

गप्प_वाचक:
दुसरी बाजू पण सांगतो. आमच्या मंडळीत वडिलांच्या, म्हणजे कारभार बघणाऱ्या पुढाऱ्यांच्या, निवडणुकीवरून दोन तट पडले, इतकं वाईट बोलणं झालं की मी पाच वर्षं कुठेच गेलो नाही, घरीच बायबल वाचायचो. एक तर गाणं गेलं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन पेटी तबल्यावर शंभर जण म्हणतात ते घरी एकट्याने नाही होत. पण खरी गोष्ट वेगळीच. बायबलात मत्तय 5 मध्ये आहे ना, वेदीजवळ अर्पण ठेव आणि आधी भावाशी समेट कर. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) आधी ते वाचून मी दर वेळी अस्वस्थ व्हायचो. घरी बसल्यावर तो त्रास संपला, कारण समेट करायला समोर माणूसच नव्हता, आणि मी तसाच कडू होत गेलो. शेवटी परत गेलो. सगळं ठीक झालंय असं नाही, एकजण अजून बोलत नाही. तरी तुला सांगेन जा, फक्त पहिल्याच वर्षी कमिटीत पडू नकोस, घरोघरच्या प्रार्थनेपासून सुरुवात कर.

नगरची_मावशी:
बाळा, 1831 ला अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं, आपल्या पणजोबांपैकी कित्येकांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते आणि बाप्तिस्मा घेतल्यावर नातेवाईकही तुटले, तेव्हा मंडळी हेच त्यांचं गणगोत झालं. आई म्हणते ते त्या पोटतिडकीने. आपल्या पाळकांकडून सभासद असल्याचं पत्र घे, ते तिथे दे, म्हणजे नाव नीट चढेल. लेकीला रविवारच्या शाळेत घाल.

मूळ_नगरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, गप्प_वाचक तुमचं दोनदा वाचलं. काल मराठी मंडळीत जाऊन आलो, नेमका हंगामाचा सण (पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा) होता, उपासनेनंतर अर्पण केलेल्या वस्तूंच्या लिलावात आम्ही एक भोपळा घेतला आणि तो मुलगी गाडीपर्यंत स्वतः घेऊन आली, कोणाला हात लावू देईना. एका आजींनी माझं आडनाव विचारलं आणि माझ्या आजोबांना ओळखलं. पत्रासाठी नगरला फोन केलाय. वाकडहून अजून कोणी येत असेल तर सांगा, एकाच गाडीने जाऊ.