फायर सपोर्ट बेस : गनिमांविरुद्ध तोफांचे तळ कितपत उपयोगी?

प्रश्न
गनीम एका जागी थांबून लढत नाही, हे ठाऊक असूनही अमेरिकेने व्हिएतनाममध्ये डोंगरमाथे सपाट करून तेथे तोफांचे तटबंदीयुक्त तळ (फायर सपोर्ट बेस) का उभारले? चपळ शत्रूसमोर स्वतःच जखडून घेण्याचा हा प्रकार नव्हता का?

प्रतिसाद १
हे तळ मुख्यतः भोवतालच्या जंगलात फिरणाऱ्या पायदळाला काही मिनिटांत तोफांच्या माऱ्याची मदत मिळावी यासाठी होते. चकमक कोणत्या दिशेला उडेल हे सांगता येत नसल्यामुळे सहा तोफांची बॅटरी (तोफखान्याची तुकडी) अनेकदा ताऱ्याच्या आकारात मांडली जाई : पाच टोकांवर पाच तोफा आणि मधोमध एक. १०५ मिमी हॉवित्झरचा (उंच कोनात गोळे फेकणाऱ्या तोफेचा) पल्ला सुमारे ११ किलोमीटर होता. चिनूक हेलिकॉप्टरखाली लटकवून ती रस्ता नसलेल्या माथ्यावर उतरवता येई आणि मोहीम संपली की उचलूनही नेता येई. म्हणून जखडून घेण्याचा आक्षेप निदान मूळ कल्पनेला लागू होत नाही. शक्यतो एक तळ दुसऱ्याच्या पल्ल्यात ठेवला जाई. २१ मार्च १९६७ रोजी सुओई त्रे येथील ‘गोल्ड’ तळाच्या संरक्षक फळीत शत्रू घुसला, तेव्हा तोफांच्या नळ्या खाली झुकवून बारीक पोलादी बाणांनी भरलेले गोळे समोरासमोर डागावे लागले. तळ टिकला, पण शेजारच्या तोफांचा मारा आणि चिलखती कुमक वेळेवर आली नसती, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता.

प्रतिसाद २
मूळ कल्पना फार काळ मूळ राहिली नाही, हीच अडचण आहे. तळ बांधला की त्याला पाणी, दारूगोळा आणि राखण लागते, आणि ज्या पायदळाने गस्त घालायची त्यातलेच लोक कुंपणाच्या आत अडकतात. शिवाय हाताशी तोफा आहेत म्हणून त्या चालवल्या जातात. रात्री नकाशावरच्या संशयित वाटांवर, गोळे कुठे पडतात हे पाहणारे कोणी नसताना, गोळे टाकण्याची पद्धत पडली. त्यातून ग्रामस्थांचा रोष वाढला आणि न फुटलेल्या गोळ्यांतली स्फोटके काढून व्हिएतकाँगने (दक्षिण व्हिएतनाममधील कम्युनिस्ट गनिमांनी) सुरुंग बनवले. माझ्या मते या तळांचे सर्वांत मोठे अपयश हेच आहे. २८ मार्च १९७१ रोजी ‘मेरी ॲन’ तळावर शत्रूचे सॅपर (तटबंदी भेदण्यात तरबेज सैनिक) काटेरी तारा कापून अंधारात आत शिरले आणि ३० अमेरिकन सैनिक मारले गेले. तो धक्का मोठा होता, तरी त्याचे मूळ ढिल्या पहाऱ्यात होते.

प्रतिसाद ३
दोन्ही प्रतिसादांत एक गृहीतक आहे : शत्रूकडे तोडीच्या तोफा नाहीत. चहूकडे मारा करायचा तर तोफेचा खड्डा वरून उघडा ठेवावा लागतो. १९५४ मध्ये दिएन बिएन फू येथे फ्रेंचांच्या तोफा अशाच उघड्या होत्या, तर फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या व्हिएतमिन्हने आपल्या तोफा भोवतालच्या डोंगरांत खोदून झाकल्या होत्या. त्या आपण गप्प करू अशी ग्वाही देणारे फ्रेंच तोफखाना प्रमुख पिरोत यांनी लढाईच्या पहिल्या काही दिवसांतच आत्महत्या केली. १९७१ मध्ये लाओसमध्ये शिरलेल्या दक्षिण व्हिएतनामी सैन्याच्या तळांवर उत्तर व्हिएतनामच्या सुमारे २७ किलोमीटर पल्ल्याच्या १३० मिमी तोफांचा मारा झाला, आणि तेथील १०५ मिमी तोफांना उत्तर देणेच शक्य नव्हते.

प्रश्नकर्ता
आभार. भारतात असे तळ का दिसत नाहीत?

प्रतिसाद ४
मिझोराममध्ये १९६६ साली बंडखोरांविरुद्ध हवाई हल्ले झाले, पण तो अपवाद. काश्मीर खोऱ्यातल्या बंडखोरीविरुद्ध तोफा चालवण्याचे लष्कराने टाळले आहे. उलट तोफखान्याच्या काही रेजिमेंटांना तोफा बाजूला ठेवून पायदळासारखी गस्त घालावी लागली. गडचिरोलीच्या दुर्गम भागातही पोलीस मदत केंद्रे उभी राहिली. तटबंदी तेथेही आहे, मात्र भोवतालच्या वस्तीत आपलेच नागरिक राहतात, त्यामुळे केंद्रातून पायी बाहेर पडणाऱ्या जवानाच्या पाठीशी तोफेचा मारा नसतो.