बारा वर्षांनी जलरंगांचा डबा उघडलाय, काय ठेवू आणि काय फेकू?

दुपारचा_चहा

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, तेवढंच शिक्षण. त्यानंतर बारा वर्षं ब्रश हातात नाही. आता पुन्हा सुरू करायचंय. आठवड्यातून तीन रात्री, जेवणं उरकल्यावर चाळीसेक मिनिटं मिळतील. जागा म्हणजे जेवणाचंच टेबल, त्यामुळे उठताना सगळं आवरायचं.

डब्यात ५ मिलीच्या १८ ट्यूबा आहेत, त्यातल्या निम्म्या दगड झाल्यात. पोस्टर कलरच्या सहा बाटल्या, रंग वाळून कडक झालेले तीन गोल ब्रश, आणि कपाटावर ठेवलेली ड्रॉइंग पेपरची गुंडाळी, तिच्यावर पिवळे ठिपके.

दोन चित्रं करून पाहिली. आकाशाच्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सपाट थरात, गडद डाग उमटले, कागद पापडासारखा फुगला, आणि सगळे रंग शेवटी चिखलाच्या वळणावर गेले. यात दोष कागदाचा, रंगाचा की हाताचा? नवीन घ्यायचं तर कमीत कमी काय घेऊ?

कागदी_वाघ

डाग कागदाचे आहेत, तुमचे नाहीत. जलरंगाच्या कागदावर खळीसारखा एक थर दिलेला असतो, त्याला सायझिंग म्हणतात. त्यामुळे पाणी लगेच आत न जाता वर थांबतं. दमट हवेत वर्षानुवर्षं पडलेल्या कागदाची ही खळ जागोजागी मरते. तिथे रंग टीपकागदासारखा शोषला जातो आणि गडद ठिपका उठतो. हा ठिपका धुऊन जात नाही, घासला तर वाढतो.

तपासायला गुंडाळीतल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभर थेंब फुगीर राहिला तर कागद जिवंत. लगेच पसरून कागद गडद झाला तर मेला. मेलेला कागद टाकू नका, पेन्सिल, कोळसा, खडू यांना तो उत्तम. पोस्टर कलरही चालतील, कारण ते जाडसर लागतात आणि खळीवर फारसे अवलंबून नसतात.

फुगण्याचं कारण वेगळं. शाळेचा ड्रॉइंग पेपर साधारण १३० ते १५० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) असतो, तो ओल्या वॉशला फुगणारच. नवा घ्याल तर ३०० जीएसएम, कोल्ड प्रेस्ड (किंचित खरखरीत), आणि जमलं तर शंभर टक्के कॉटन. महाग वाटतो, पण हिशेब करा. पूर्ण इम्पिरियल शीट २२ बाय ३० इंचाची. ती चार वेळा अर्धी केली की ५.५ बाय ७.५ इंचाचे १६ तुकडे होतात. आठवड्याला एक चित्र धरलं तर एक शीट जवळजवळ चार महिने पुरते. चाळीस मिनिटांत याहून मोठा कागद घेऊच नका, वॉश संपायच्या आत पहिली कड वाळते.

खाली आधाराला परीक्षेचं पॅड चालेल, पण हार्डबोर्डचं असेल तर पाण्याने फुगतं. आधी त्यावर प्लास्टिक चिकटवा. कागद चारही बाजूंनी मास्किंग टेपने बसवा. खाकी पॅकिंग टेप अजिबात नको, निघताना कागदाची सालं काढते. टेप काढताना चित्र पूर्ण वाळलेलं हवं आणि टेप चित्रापासून बाहेरच्या दिशेला, तिरकी ओढायची. तरीही सालं निघत असतील तर हेअर ड्रायरने टेप किंचित गरम करा, गोंद मऊ पडतो.

गोंद_आणि_पाणी

वर कागदाचं सगळं आलंय, मी डब्यातल्या मालाबद्दल लिहितो.

दगड झालेल्या ट्यूबा फेकू नका. जलरंगात बांधणी बाभळीच्या जातीच्या डिंकाची असते आणि डिंक पुन्हा पाण्यात विरघळतो. ब्लेडने ट्यूब उभी चिरा, पत्रा सोलून काढा, आतली कांडी मोडून बाटलीच्या झाकणात ठेवा. वर चार-पाच थेंब पाणी घाला, झाकून रात्रभर ठेवा, सकाळी टूथपिकने मळा. एका ट्यूबला ग्लिसरीनचा एकच थेंब. जास्त घातलं तर रंग कधी वाळतच नाही, पावसाळ्यात चिकट राहतो आणि त्यावर बुरशी धरते. बरेच जण ग्लिसरीनऐवजी मध सुचवतात. आपल्याकडे मुंग्या असतात, एवढंच सांगतो.

झाकण अडकलं असेल तर ट्यूबचं तोंड अर्धा मिनिट कढत पाण्यात धरा आणि मग पकडीने फिरवा. आधी फिरवलंत तर झाकण राहतं आणि ट्यूब पिळवटते. उघडल्यावर आधी पारदर्शक पाणी बाहेर आलं तर तो सुटलेला डिंक आहे. पुसून टाकू नका, टाचणीने आत ढवळून एकजीव करा. तो गेला तर वाळलेला रंग बोटाला लागेल.

पोस्टर कलरच्या बाटलीवर पांढरी-हिरवट साय असेल किंवा वास मारत असेल तर सरळ कचऱ्यात. नुसत्या वाळल्या असतील तर कोमट पाणी घालून दोन दिवस ठेवता येईल, पण पुन्हा भिजवलेला पोस्टर कलर जाड लावला की तडकतो. सरावालाच वापरा.

ब्रशवर वाळलेला रंग जलरंग असेल तर कोमट पाण्यात फक्त केस बुडतील एवढेच धरा, मग अंगाचा साबण तळहातावर घासून त्यात ब्रश गोल फिरवा. फेस पांढरा येईपर्यंत. कढत पाणी नको आणि पत्र्याची नळी बुडवून ठेवायची नाही, आतला गोंद सुटून केसांचा झुपका हातात येतो. शेवटी थोडा साबण केसांतच ठेवून टोक बोटांनी वळवा, आडवा ठेवून वाळू द्या. दुसऱ्या दिवशी टोक परत आलं तर ब्रश वाचला. नाही आलं तर झाडांच्या पानांना, गवताला ठेवा, फाटलेल्या ब्रशने ते छान होतं. रंग ॲक्रिलिक असेल तर पाण्याने काही होणार नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये केस भिजवून पाहा.

नवा घ्यायचा असेल तर सिंथेटिक गोल ८ नंबर, एकच. बारीक ब्रशांच्या मागे लागू नका. चांगल्या आठ नंबरच्या टोकाने मांजराच्या मिश्याही निघतात.

दुपारचा_चहा

थेंबाची चाचणी केली. नऊपैकी सात कागद मेलेले निघाले! ट्यूबा भिजत घातल्यात. आता चिखलाचं सांगा. आणि चाळीस मिनिटांत चित्र संपतच नाही त्याचं काय?

आठ_नंबर

संपवायचं कशाला? जलरंगात निम्मा वेळ वाळण्यात जातो. तो वाळण्याचा वेळ रात्रींमध्ये वाटून टाका.

उदाहरणार्थ घरातला पितळेचा तांब्या घ्या. इंटरमिजिएटचं वस्तुचित्र आठवत असेल तर हात लगेच वळेल.

पहिली रात्र फक्त रेखाटन. मधला अक्ष हलका काढा, त्यावर तोंड, मान, पोट, बूड यांच्या उंचीच्या खुणा. तोंडाचा लंबगोल दोन्ही टोकांना टोकदार होतो, ही सगळ्यांची चूक. टोकंही गोलच हवीत. आणि बुडाची वक्ररेषा तोंडापेक्षा जास्त फुगीर असते, कारण ती डोळ्याच्या पातळीपासून जास्त खाली आहे. बूड सरळ रेषेत काढलं तर तांब्या टेबलात घुसल्यासारखा दिसतो. पेन्सिल एचबी. खोडरबर जोराने घासू नका, तिथली खळ जाते आणि उद्या तिथे डाग पडतो.

दुसरी रात्र पहिला वॉश. यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) किंचित गॅम्बोज (गडद पिवळा), बिनदुधाच्या चहाइतका पातळ. चमक जिथे आहे तेवढा कागद कोरा सोडून पूर्ण तांब्यावर एकदाच. पंधरा मिनिटांत झालं की टेबलावरून उचला, आडवंच ठेवा, झोपा.

तिसऱ्या रात्री बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि ऑकर, दुधाइतका दाट. सावलीच्या बाजूला लावा आणि एकच कड स्वच्छ ओलसर ब्रशने सोडवा, म्हणजे पुसट करत न्या. मग बर्न्ट सिएना अधिक अल्ट्रामरीन निळा, सायीसारखा, मोजक्या गडद पट्ट्यांना. पितळ धातू आहे, त्यात सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ शेजारी शेजारी बसतात. मडक्यासारखं हळूहळू गडद करत नेलंत की तांब्या मातीचा होतो. पडछाया त्याच दोन रंगांची, अल्ट्रामरीनकडे झुकलेली, चहाइतकी पातळ. एकाच फटक्यात ओढा आणि परत तिथे जाऊ नका.

चिखल होतो तो मुख्यतः दोन कारणांनी. एक, अर्धवट ओल्या थरावर पुन्हा ब्रश फिरवणं. खालचा रंग उठतो आणि वरच्यात कालवला जातो. कागदाची चकाकी गेली म्हणजे वाळला असं नाही. हाताची मागची बाजू टेकवा, गार लागला तर आत ओल आहे, थांबा. दुसरं, तीनपेक्षा जास्त रंग एकत्र करणं. आणि पाण्याचे दोन ग्लास ठेवा, एक ब्रश धुवायला, एक रंगात मिसळायला. एकाच गढूळ ग्लासातून पिवळा स्वच्छ निघत नाही.

वॉशमध्ये फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कड उमटत असेल तर ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी होतं. ओल्यात रंग सोडायचा तर ब्रश कागदापेक्षा कोरडा आणि रंग दाट.

पावसाळ्यात ड्रायर वापरा, पण पाण्याचं तळं चमकत असताना नको. हवेने रंग ढकलला जातो. चकाकी गेल्यावर फूटभर अंतरावरून.

खडू_फळा

कागदी_वाघांशी थोडा असहमत. कॉटन कागद पहिल्या दिवसापासून दिला की लोक तो जपत बसतात आणि घाबरून लावतात. आधी स्वस्त २०० जीएसएमच्या पॅडवर पंधरा-वीस तुकडे खराब करा. हात मोकळा झाला की कॉटन.

कागदी_वाघ

खराब करायला हरकत नाही, पण स्वस्त सेल्युलोज (लाकडाच्या लगद्याच्या) कागदावर ओल्यात ओला रंग शिकताच येत नाही, तो फार लवकर वाळतो. शिकणारा स्वतःलाच दोष देतो. कॉटनची एक शीट फाडा, दोन्ही बाजू वापरा, भीती जाते.

गेरूची_वाटी

रात्री पाणी-ग्लास मांडणंच जड जात असेल तर वारलीचा विचार करा. वॉशची कड वाळायची भीती नाही, एक माणूस काढून उठलं तरी चालतं.

कापडावर करणार असाल तर मांजरपाट घ्या, आणि आधी गरम पाणी व साबणाने दोनदा धुवा. नव्या कापडाची खळ राहिली तर रंग धाग्याला न धरता खळीला धरतो आणि पहिल्या धुण्यात पोपडे निघतात. लाकडी चौकटीवर ताणा. गेरूची पूड तीन चमचे, पांढरा फेविकॉल एक चमचा, पाणी दुधाइतकं होईपर्यंत. गाळून घ्या. दोन पातळ हात, पहिला आडवा, दुसरा उभा. एक दिवस वाळू द्या, मग पांढरा रुमाल घासून पाहा. रुमाल लाल झाला तर गोंद कमी पडला, आणि पुढे पांढरी रेघ गुलाबी होणार. उलट गोंद जास्त झाला तर पृष्ठभाग चमकतो, घडी घातल्यावर तडा जातो. हे कापड भिंतीवर टांगायचं, धुवायचं नाही.

पिशवीवर किंवा कुर्त्यावर करायचं तर गेरू विसरा, फॅब्रिकचा ॲक्रिलिक पांढरा वापरा. २४ तासांनी उलट बाजूने कोरडी इस्त्री करा, मधे सुती फडकं घालून. पहिलं धुणं तीन दिवसांनंतर, गार पाण्यात.

माणूस दोन त्रिकोणांचा, टोकाला टोक, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नवखे लोक दोन्ही त्रिकोण एका उभ्या रेषेत ठेवतात आणि माणसं पहारेकऱ्यांसारखी उभी राहतात. वरचा त्रिकोण थोडा तिरका ठेवा, वजन एका पायावर जातं आणि माणूस चालायला लागतो. डहाणू-जव्हारकडची जुनी चित्रं किंवा वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं काम पाहा. माशांच्या जाळ्यात, धान्याच्या खळ्यात हालचाल कशी भरलीय ते कळेल. आणि लग्नाचा चौक, त्यातली पालघाट देवी, हे विधीचं चित्र आहे. ते पायपुसण्यावर, कोस्टरवर उतरवू नका. तारपा, शेती, झाडं, जनावरं भरपूर आहेत.

सुई_दोरा_लोकल

प्रवासात वेळ जात असेल तर क्रोशा. पाणी नाही, डाग नाहीत. गोल रुमालाने सुरुवात करा. साखळीचं कडं, त्यात १२ खांब, पुढच्या फेरीत २४, मग ३६, म्हणजे दर फेरीला १२ वाढवायचे. वाटीसारखा वळला तर वाढवायचे राहिलेत, झालर पडली तर जास्त झालेत. मोजणीसाठी फेरीच्या पहिल्या खांबात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा, नाहीतर स्टेशन आलं की सगळं पुन्हा मोजा.

दुपारचा_चहा

सर्वांचे आभार. तांब्याची तिसरी रात्र झाली. चमक सोडल्याने खरंच पितळ दिसतंय. एकच अडचण, गडद पट्ट्या हिरवट आल्या. बर्न्ट सिएना आणि निळा, तुम्ही सांगितलं तसंच.

आठ_नंबर

निळा कोणता? ट्यूबवर प्रशियन ब्लू लिहिलंय का बघा.

दुपारचा_चहा

हो, प्रशियन! अल्ट्रामरीनची ट्यूब अजून झाकणात भिजतेय.

आठ_नंबर

मग बरोबर आहे. प्रशियन मुळातच हिरव्याकडे झुकलेला, बर्न्ट सिएनात मिसळला की शेवाळी गडद येतो. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकतो, म्हणून तो सिएनाला मारून स्वच्छ राखाडी ते काळा देतो. आता वाळलेल्या पट्ट्या उठवायला जाऊ नका. त्यावर क्रिमसन लेकचा (गडद लाल) अगदी पातळ थर, एकच हात, हिरवा मरेल. अल्ट्रामरीन भिजल्यावर कागदाला थोडा दाणेदार लागेल, ती बिघाडाची खूण नाही, त्या रंगाचा स्वभावच तसा आहे.