सोया सॉसमध्ये मुरवलेली कोरियन अंडी: तुमची कशी झाली? अनुभव लिहा

गेल्या रविवारी मी पहिल्यांदा ती कोरियन अंडी करून बघितली, मायाक ग्येरान म्हणतात ती. ग्येरान म्हणजे अंडं आणि मायाक म्हणजे अंमली पदार्थ, एकदा खाल्लं की चटक लागते म्हणून हे नाव. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, अफूची अंडी करतेस काय गं मुलांसाठी?

तर झालं असं की रेसिपीत लिहिलं होतं ७ मिनिटं उकळा, बलक मधासारखा राहतो. मी मोबाइलवर टायमर लावून ७ मिनिटं उकळली आणि बलक निघाला पिठूळ, डब्यातल्या अंड्यासारखा. सोलताना दोन अंड्यांचं पांढरं टरफलाबरोबरच आलं. आणि सोया सॉस घरात होता तोच ओतला, हाका नूडल्सवाला काळा दाट, त्यामुळे सकाळी डबा उघडला तर आत सहा जांभळं. चव? खारट आणि थोडी कडवट. तरी लेकीने दोन खाल्ली गरम भाताबरोबर, म्हणजे मूळ पदार्थात दम असणार. ज्यांनी केलीयत त्यांनी सगळं लिहा, फसलेलं आधी लिहा. मिनिटं, सोलणं, कुठला सॉस आणि उरलेल्या पाण्याचं काय करता. मी कोथरूडची, अंडी कोपऱ्यावरच्या दुकानातली साधी पांढरी.

* * *

ताई, तुमच्या ७ मिनिटांचं उत्तर अंड्याच्या वजनात आहे. मी कोरियात सुवॉनला राहते, नऊ वर्षं झाली. इथे अंड्यांना वजनावरून रुळलेली नावं आहेत, ६० ते ६८ ग्रॅमचं ते थुकरान, त्याच्यावरचं वांगरान, ५२ ते ६०चं देरान. घराघरात थुकरान येतं आणि तेही थेट फ्रिजमधून उकळत्या पाण्यात जातं. इथल्या रेसिपीतली साडेसहा-सात मिनिटं त्या अंड्याची आहेत. सुट्टीत सांगलीला आले की मी तेच करायला गेले आणि माझाही पोपट झाला, कारण आपलं दुकानातलं अंडं ५० ग्रॅमच्या आसपास आणि ते बाहेर ट्रेमध्येच असतं, गरम दिवसात तर कोमट म्हणा ना. आता सांगलीत मी साडेपाच मिनिटं धरते.

बाकी पद्धत माझ्या घरमालकीणबाईंची, त्यांना मी इमो म्हणते, म्हणजे मावशी. पाणी खळाखळा उकळू द्यायचं, त्यात मीठ आणि चमचाभर व्हिनेगर (तडा गेलाच तर पांढरं तिथल्या तिथे थिजतं, फार बाहेर येत नाही), अंडी पळीने अलगद सोडायची आणि पहिली दोन मिनिटं हळूहळू गोल फिरवायची म्हणजे बलक मधोमध बसतो. टायमर वाजला की बर्फाच्या पाण्यात, नुसत्या नळाच्या नाही. दहा अंड्यांना एक कप सोया सॉस, एक कप पाणी, अर्धा कप मुल्योत (धान्याचा गोड पाक, आपल्याकडे मध किंवा साखर चालेल), ठेचलेला लसूण, बारीक चिरलेला कांदा, पातीचा कांदा, हिरवी-लाल मिरची आणि भाजलेले तीळ. हे पाणी शिजवायचं नाही, नुसतं ढवळायचं. अंडी बुडाली पाहिजेत. रात्रभर फ्रिजमध्ये.

सॉस बदला मात्र. गान्जांग म्हणजे सोया सॉस, इथे साध्या स्वयंपाकाला जिन-गान्जांग नाहीतर यांग्जो-गान्जांग वापरतात. कुक-गान्जांग म्हणून एक असतो तो सुपाचा, रंगाने फिका पण मिठाला जास्त, तो यात चुकून घातला तर पाणी पिऊन पिऊन जीव जाईल. भारतात लाइट सोया घ्या, काळा दाट नको, त्यात रंगासाठी कॅरॅमल असतं, तुमचा कडवटपणा बहुतेक तिथूनच आला.

एक गंमत सांगते. ३० अंड्यांचा ट्रे इथेही असतो, त्याला ग्येरान हान पान म्हणतात, म्हणून कोणी तिशीत गेलं की चेष्टेत म्हणतात याचा ट्रे भरला.

* * *

काय सांगू बाप्पा. रेसिपीत तिळाचं तेल होतं म्हणून मी देवघरातली बाटली आणली, दिव्याला घालतो ती. नागपुरात उन्हात दुसरीकडे कुठे शोधत फिरणार होती मी? सगळा वास बसला भाताला, नवरा म्हणे आरती झाली का जेवण व्हायचंय अजून. मग मैत्रिणीने सांगितलं की कोरियन तेल आधी तीळ खरपूस भाजून मग काढतात म्हणून ते तपकिरी आणि वासाचं असते, आपलं कच्च्या तिळाचं. भाजक्या तिळाचं मिळालं नाही तर तेल घालूच नका, तीळच चांगले भाजून हातावर चुरडून टाका. मी आता तेच करून राहिली आहे.

* * *

मी सोलमध्ये शिकत असताना वर्षभर याच अंड्यांवर जगलोय, अतिशयोक्ती नाही. गोशीवॉनमध्ये राहायचो, म्हणजे पलंग आणि टेबल ठेवलं की संपली एवढी खोली, पण आमच्या गोशीवॉनच्या सामायिक किचनमध्ये भात आणि किमची (आंबवलेला तिखट कोबी) फुकट असायची, बऱ्याच ठिकाणी असते. प्रश्न फक्त भाताबरोबर काय याचा. किमची पहिले दोन महिने मला आवडायची नाही (आता डबा संपला की चुकल्यासारखं होतं, तो वेगळा विषय). बाहेर खाणं परवडायचं नाही. मग शेजारच्या खोलीतल्या मुलाने दाखवलं, भाताचा वाडगा, त्यावर एक अंडं, दोन चमचे ते सोयाचं पाणी, वरून छामगिरम म्हणजे ते भाजक्या तिळाचं तेल दोन थेंब, आणि चमच्याने अंडं फोडून सगळं कालवायचं. हो, चमच्यानेच, कोरियात भात चमच्याने खातात, मी हाताने कालवला तेव्हा तो पोरगा जरा गडबडला पण नंतर म्हणाला करून बघू का, आणि भाजलं त्याला, भात गरम होता.

ज्याच्यामुळे भात कधी संपला कळत नाही अशा पदार्थाला तिकडे बाप-दोदुक म्हणतात, भातचोर. हा किताब खरा गान्जांग गेजांगचा, म्हणजे सोया सॉसमध्ये मुरवलेल्या कच्च्या खेकड्याचा, पण तो माझ्या बजेटच्या बाहेर होता त्यामुळे माझा चोर अंडंच. सामायिक फ्रिजमध्ये डब्यावर नाव लिहून ठेवायचो. तरी अंडी कमी व्हायची. चोर अंडं की शेजारी, शेवटपर्यंत कळलं नाही.

* * *

पाचगणीत आम्हाला उलटा त्रास. इथे १३०० मीटरवर पाणी साधारण ९५-९६ अंशालाच उकळतं, त्यामुळे मुंबईच्या बहिणीने सांगितलेल्या साडेपाच मिनिटांत पांढरंसुद्धा आतून लिबलिबीत, सोलायला घेतलं तर हातात फुटलं. अंड्याचं पांढरं साठ-बासष्टच्या पुढे घट्ट व्हायला लागतं आणि बलक पासष्ट ते सत्तरच्या मध्ये, म्हणजे सगळा खेळ त्या दहा अंशांत आहे. आम्ही सव्वासहा करतो. आधी एकच अंडं उकळून कापून बघा आणि मग बाकीची टाका, एवढाच माझा सल्ला. एका अंड्याचं नुकसान परवडतं.

* * *

सोलण्याबद्दल: ताजी गावरान अंडी घेऊ नका यासाठी. मी हौसेने मावळातून आणली, त्याच सकाळची, आणि आठपैकी सहा अंड्यांची चाळण झाली. ताज्या अंड्याचं पांढरं टरफलाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून बसतं. दिवस जातात तसा टरफलाच्या छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पांढरं जास्त अल्कली होतं आणि मग ते सुटं होतं. आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेली घेतली तर टरफल अक्षरशः टोपीसारखं निघतं. आणि गार पाण्यात ठेवून मग उकळी आणू नका, उकळत्यातच सोडा. सोलताना बोथट टोकाकडून सुरू करा, तिथे हवेची पोकळी असते. पाण्याखाली सोला. मऊ अंडं आहे, उकडलेल्या बटाट्यासारखं धरू नका.

* * *

आमच्याकडे सासूबाई माळकरी. अंड्याचं पातेलं वेगळं, ते गॅलरीत, आणि इंडक्शनची शेगडी पण गॅलरीत. मे महिन्यात डोंबिवलीच्या गॅलरीत उभं राहून साडेपाच मिनिटं अंडी गोल फिरवणं म्हणजे काय ते मला विचारा. खरी अडचण फ्रिजची, कारण हा पदार्थ रात्रभर आत ठेवावा लागतो आणि फ्रिज एकच. शेवटी सासऱ्यांनी तोडगा काढला, सगळ्यात खालच्या कप्प्यात घट्ट झाकणाचा डबा आणि वर कागद चिकटवला, 'औषध'. आता ते 'मायाक' म्हणजे काय वाचून मी एकटीच हसतेय.

सासूबाईंसाठी मी तेच पाणी लसूण-कांदा न घालता करून त्यात बेबी पोटॅटो मुरवले. त्यांना आवडले. 'चिंचगुळाची सर नाही' हेही म्हणाल्या.

* * *

बीपीवाल्यांनो, जपून. माझं बीपी काठावर आहे म्हणून मी हिशोब केला, एक टेबलस्पून सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम आणि दिवसाची मर्यादा २०००च्या आत. अंडं सगळं पाणी पीत नाही हे खरं, पण वर लिहिलेले ते 'दोन चमचे पाणी भातावर' माझ्यासाठी बाद. मी सॉसच्या दुप्पट पाणी घालतो, आठ तासांनी अंडी बाहेर काढून कोरड्या डब्यात ठेवतो आणि दोन दिवसांत संपवतो. तशीच पाण्यात राहिली तर तिसऱ्या दिवशी बाहेरचं पांढरं रबर होतं आणि खारट पण.

* * *

कोल्हापुरातनं. मुल्योत-बिल्योत काय मिळालं नाही, मी काकवी घातली. लै भारी लागतंय बघा. सॉसच्या निम्मी काकवी नको, पाव बास, नाहीतर लाडू खाल्ल्यासारखं होतंय. मिरची आपली लवंगी, दोनच, तिसरी घातली तर कोरियाचा संबंध संपला. बटेरची अंडी पण याच पाण्यात केली, दहा-बारा ग्रॅमचं इवलंसं असतंय, अडीच मिनिटं पुरे. पण वीस सोलेपर्यंत बायको दोनदा विचारून गेली की उपवास आहे का आज.

* * *

बटेरची म्हणजे जांगजोरिमच झालं की! (सुवॉनवालीच परत.) मायाक ग्येरानच्या आधीपासूनचा घरगुती पदार्थ तो, बीफचे तुकडे सोया सॉसमध्ये बराच वेळ शिजवायचे, त्यात उकडलेली अंडी नाहीतर बटेरची अंडी, हाताने मांसाचे धागे काढायचे आणि ते बानचान म्हणजे भाताबरोबरचं तोंडीलावणं म्हणून आठवडाभर पुरवायचं. शाळेच्या डब्यातलं खाणं. त्यात अंडं चांगलं कडक असतं आणि पाण्यासकट शिजतं. म्हणून म्हणते, ज्या ताईंचा बलक कडक झाला त्यांनी फेकू नका, तीच अंडी सॉसच्या पाण्यात मंद आचेवर १५ मिनिटं शिजवा आणि सांगा जांगजोरिम केलं.

आणि वर औषधाच्या कागदावरून आठवलं, इथे मायाक शब्दावर आता नाक मुरडतात. सोलच्या ग्वांगजांग बाजारात मायाक गिम्बाप प्रसिद्ध आहे, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेले भाताचे बोटाएवढे रोल, मोहरीच्या सॉसमध्ये बुडवून खायचे. पण २०२४ मध्ये कायद्यात बदल झाला आणि खाण्याच्या नावात असे ड्रग्जचे शब्द वापरू नका असं सरकार दुकानांना सुचवायला लागलं. सक्ती नाही, सूचना. घरात मात्र इमो अजून मायाकच म्हणतात.

* * *

एक भर घालते, कोणी लिहिलं नाही म्हणून. पातळ बलक म्हणजे अंडं पूर्ण शिजलेलं नाही. गरोदर बायका, अगदी लहान मुलं, वयस्कर माणसं यांना कडकच द्या, साल्मोनेला जंतूंची भीती असते आणि सोया सॉसने ती जात नाही. मी सातव्या महिन्यात असताना नऊ मिनिटांची खाल्ली, चव तीच लागते, फोटो बरा येत नाही एवढंच. आणि डबा ओट्यावर ठेवू नका, खारट आहे म्हणजे लोणचं नाही ते.

* * *

परत आले, धागा माझाच. या रविवारी लाइट सोया आणला, अंडी आठ दिवस फ्रिजमध्ये ठेवलेली. पाचगणीकरांचं ऐकून एक अंडं आधी उकळलं, साडेपाच मिनिटं, बलक अगदीच पळणारा. दुसरं सहा मिनिटं, बरोब्बर. अंडी फ्रिजमधली होती त्याचा फरक असणार आणि पुणंही थोडं उंचावर आहेच. तर कोथरूडचं उत्तर: फ्रिजमधून काढलेलं ५० ग्रॅमचं अंडं, ६ मिनिटं. सोललं टोपीसारखं. साखर अर्धी केली, लसूण दुप्पट.

उरलेलं पाणी गाळून, उकळून, त्यात पनीर टाकलंय, उद्या डब्याला. आईला फोटो पाठवला. तिचा फोन आला, म्हणाली रंग छान आलाय, आता यात कांदा-खोबऱ्याचं वाटण कधी घालतात?