मदत हवी आहे : आमच्या तीन किलोमीटरच्या हद्दीत कंपनीनंच किचन उघडलं

नमस्कार मंडळी. लातूरला औसा रोडवर आमचं एका बिर्याणी ब्रँडचं आउटलेट आहे. करार चालू आहे म्हणून नाव देत नाही. करारातलं वाक्य असं : 'फ्रँचायझीच्या आउटलेटपासून ३ किमी परिघात कंपनी स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत या ब्रँडचं रेस्टॉरंट उघडणार नाही.'

आता कंपनीनं ट्यूशन एरियाच्या मागच्या गल्लीत डिलिव्हरी किचन टाकलंय. पाटी नाही, टेबल-खुर्ची नाही, नुसतं अर्धं शटर आणि बाहेर डिलिव्हरीवाल्या पोरांच्या गाड्या. अ‍ॅपवर एकाच नावाची दोन दुकानं दिसायलीत, आणि सूट तिकडं जास्त.

लातूरबाहेरच्यांना सांगतो, आमचा खरा धंदा नीटची (मेडिकल प्रवेश परीक्षेची) तयारी करणाऱ्या पोरांवर. त्यातही रविवारी रात्री, कारण मेस बंद असते. त्या एका रात्रीच्या गल्ल्यात आमच्या पोऱ्यांचे पगार निघतात. परवाच्या रविवारी ऑर्डरचा टॅब जवळपास गप्पच होता.

एरिया मॅनेजर म्हणतो, "आम्ही रेस्टॉरंट कुठं उघडलंय? ते किचन आहे." सही व्हायच्या आधी याच माणसाचा व्हॉट्सअ‍ॅप आहे, 'लातूर शहर तुमचंच.' हा करारभंग होतो का? रॉयल्टी (ब्रँड वापरण्याबद्दल कंपनीला द्यायचे पैसे) थांबवावी का? लवाद गुरुग्रामला लिहिलाय, मग लातूरच्या कोर्टात जाता येतं का? धाकटा भाऊ तर म्हणायलाय की बोर्ड उतरवू आणि स्वतःच्या नावानं बिर्याणी चालू करू.

गंजगोलाईवाला : भाऊ, सरळ ग्राहक मंचात टाका केस. कंपन्या तिथंच वठणीवर येतात.

नांदेडचा वकील : ग्राहक मंच नको. व्यापारी हेतूनं घेतलेल्या सेवेला तो कायदा लागत नाही. पोटापाण्याच्या स्वयंरोजगाराला अपवाद आहे, पण नोकर ठेवून चालवलेल्या आउटलेटला तो लावून घेणं अवघड.

भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. अमेरिकेत सही घेण्याआधी कंपनीला माहितीपत्रक द्यावं लागतं आणि त्याच्या १२व्या कलमात हद्द मांडावी लागते. हद्द राखीव नसेल तर कंपनीच्या दुसऱ्या दुकानांशी आणि विक्रीच्या इतर मार्गांशीही स्पर्धा होऊ शकते, असं ठरलेल्या शब्दांत छापावं लागतं. आपल्याकडे १८७२चा करार कायदा आणि तुमच्या हातातला कागद, एवढंच. म्हणून कागद नीट बघा. सुरुवातीच्या व्याख्यांत 'रेस्टॉरंट' किंवा 'आउटलेट' म्हणजे काय लिहिलंय? 'तयार अन्न विकण्याची कोणतीही जागा' असं असेल तर तुमची बाजू भक्कम. 'बसून खाण्याची सोय असलेली जागा' असेल तर मॅनेजर बरोबर बोलतोय, कितीही राग आला तरी.

मग कंपनीनं स्वतःकडे राखलेल्या हक्कांचं कलम. रेल्वे स्टेशन, बसस्टँड, कॉलेजचं कँटीन, ऑनलाइन विक्री, कंपनीचे दुसरे ब्रँड, हे सगळं बहुतेक कंपन्या तिथंच गुपचूप बाजूला काढून ठेवतात. हद्द विक्रीच्या टार्गेटला बांधलीय का तेही पाहा. एखाद्या वर्षी टार्गेट हुकलं की हद्द आपोआप गेली, असे करार मी पाहिलेत. आणि ३ किमी हवाई की रस्त्यानं? लातुरात रेल्वे रुळाच्या पलीकडे जायचं तर तेवढ्यानंच फरक पडतो.

व्हॉट्सअ‍ॅप जपून ठेवा, पण त्यावर फार विसंबू नका. 'याआधीची सर्व बोलणी या करारात विलीन' असं कलम शेवटी असतंच.

रॉयल्टी थांबवू नका. आज तक्रार तुमची आहे, उद्या थकबाकीची नोटीस त्यांची येईल. भरा, आणि प्रत्येक वेळी 'हक्क राखून भरत आहोत' असा मेल टाका. गुरुग्राम ही लवादाची सीट (कायदेशीर ठिकाण) म्हणून लिहिली असेल तर लवाद कायद्याच्या कलम ९खालचा तात्पुरता मनाईचा अर्जही साधारण तिथल्याच कोर्टात जातो. खर्च धरून हिशेब करा.

भावाला आवरा. करार चालू असताना स्पर्धा न करण्याची अट टिकते, सर्वोच्च न्यायालयानं १९९५मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला प्रकरणात तेच सांगितलं. करार संपल्यावर मात्र करार कायद्याचं कलम २७ (धंदा करण्यापासून रोखणारी अट रद्दबातल) तुमच्या बाजूनं उभं राहतं.

धागाकर्ता : धन्यवाद साहेब. आत्ताच फाइल काढली. व्याख्येत 'रेस्टॉरंट' नाहीच. हद्दीच्या कलमात 'परिशिष्ट ब मधील नकाशाप्रमाणे' लिहिलंय, आणि आमच्या प्रतीत परिशिष्ट ब कोरं पान आहे. टार्गेटची अट नाही.

नांदेडचा वकील : मग वाद घालण्याआधी कंपनीकडून मेलवर सही-शिक्क्याची पूर्ण प्रत मागवा, कारण न देता. त्यांच्याकडे नकाशा नंतर तयार होऊन येऊ नये. दोन्हीकडे पान कोरं निघालं तर ३ किमीचं वाक्यच उरतं. संदिग्ध शब्दाचा अर्थ कागद बनवणाऱ्याच्या विरुद्ध लावण्याचा नियम आहे, पण तो शेवटचा डाव. त्याआधी त्या किचनच्या अन्न परवान्यावर कुणाचं नाव आहे ते अ‍ॅपवर बघून स्क्रीनशॉट काढा, आणि मागच्या वर्षीच्या याच महिन्यातली रविवारची विक्री काढून ठेवा. नुकसान दाखवायला तेच लागेल.