कुरोसावांची पीचबाग अन् आमची संत्री

प्रश्न (वरुडकडून):
जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा १९९० चा ‘ड्रीम्स’ हा सिनेमा काल मोबाईलवर लावला. आठ स्वप्नं आहेत. दुसऱ्यात घरच्यांनी पीचची बाग तोडलेली असते. बाहुल्यांच्या सणाला झाडांचे आत्मे पोराला जाब विचारतात. तो रडतो, म्हणून एकदाच बहर दाखवतात. मग नुसते बुंधे. मी तिथंच बंद केला. बोर आटली म्हणून आम्ही मागच्या उन्हाळ्यात वावरातली संत्र्याची झाडं तोडली. आंबिया बहराचा, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलांचा, वास अजून धुऱ्यावर येतो. पुढचं पाहू का?

उत्तर १:
दादा, थांबू नका. त्या बुंध्यांत एक रोप फुललेलं आहे, ते पाहाच. शेवटच्या स्वप्नात पाणचक्क्यांचं गाव आहे. १०३ वर्षांचा म्हातारा सांगतो, आम्ही आपोआप पडलेली झाडं जाळतो, शेणही चांगलं जळण. माझी आजी गोवऱ्या थापताना हेच बोले.

उत्तर २:
पहिलं स्वप्नही परत पाहा. उन्हात पाऊस पडतो अन् कोल्ह्यांची वरात निघते. आपणही लहानपणी ‘कोल्ह्याचं लग्न’ म्हणत अंगणात नाचायचो! जपानातही तेच, हे पाहून मला भरून आलं.

प्रश्नकर्ता:
रोप पाहिलं. सकाळी बापूंना घेऊन वावरात गेलो. एका बुंध्याला खालून जंभेरीची, म्हणजे ज्या लिंबावर संत्र्याचं कलम करतात त्याची, फूट आली आहे. बापू म्हणाले, राहू दे, यावरच संत्र्याचा डोळा बांधू.