उत्तर: वॉलपेपरचं डिझाइन जुळवताना

वॉलपेपरचे किती रोल लागतील ते काढायला भिंतीच्या क्षेत्रफळात दहा टक्के वाढवले की हिशोब झाला, असं या चर्चेत आधी कुणीतरी म्हटलंय. साध्या कागदाला ते चालेल, मोठ्या फुलांच्या कागदाला अजिबात नाही. नेहमीचा युरोपीय मापाचा रोल ५३ सेंमी रुंद आणि १०.०५ मीटर लांब असतो. फॉल्स सीलिंगनंतर भिंत २.४० मीटर उरली, तर वर-खाली कापायला थोडं सोडून पट्टी २.५० मीटरची, साध्या कागदात रोलमागे चार पट्ट्या बसतात. पण तेच डिझाइन दर ६४ सेंमीला परत येत असेल तर प्रत्येक पट्टीला २.५६ मीटर (६४ सेंमीच्या चौपट) मोजावे लागतात आणि चौथी पट्टी अगदी थोडक्यात हुकते. सोळा पट्ट्यांच्या खोलीला चारऐवजी सहा रोल लागतात!

आणखी एक मुद्दा या चर्चेत आलाच नाही. काही कागदांत शेजारच्या पट्टीवर डिझाइन अर्ध्या मापाने खाली सरकतं. लेबलवर वर-खाली सरकलेल्या बाणांची खूण असते, ती आधी बघा. अशा कागदाच्या एका रोलमधून सलग पट्ट्या कापल्या तर दर पट्टीमागे जास्त कागद वाया जातो. त्याऐवजी दोन रोल उघडा: १, ३, ५ नंबरच्या पट्ट्या पहिल्यातून, २, ४, ६ दुसऱ्यातून. दुसऱ्याचे सुरुवातीचे ३२ सेंमी एकदाच कापायचे. मात्र दोन्हींचा बॅच नंबर एकच हवा, नाहीतर फुलं जुळूनही रंगातला फरक जोडावर दिसतो. आणि पहिली पट्टी कोपऱ्याच्या भरवशावर नको, ओळंबा लावूनच चिकटवा.