शब्दचर्चा : ‘खिलाडूवृत्ती’, ‘ताकीद’ आणि पंचांचा ‘अंतिम’ निर्णय

हरिपूरकर :
सांगली-सातारा पट्ट्यातल्या १४ वर्षांखालील मुलींच्या टेनिस सामन्यांसाठी एका पानाचं मराठी नियमपत्रक करायचं आहे. चार शब्दांवर गाडी अडली आहे. ‘अनस्पोर्ट्समनलाइक कंडक्ट’ला पेपरवाले सर्रास ‘अखिलाडूवृत्ती’ लिहितात, ते बरोबर आहे का? ‘कोड व्हायोलेशन’ला ‘आचारसंहिता भंग’ लिहिलं तर पालकांना निवडणूक आठवेल. ‘हिंडरन्स’ म्हणजे अडथळा की व्यत्यय? आणि ‘ओव्हररूल’ला काय म्हणायचं? शिवाय आपल्याकडच्या प्रत्येक स्पर्धेच्या पत्रिकेत शेवटची ओळ असते, ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’. ती जशीच्या तशी घ्यावी का?

यवतेश्वर :
शेवटच्या ओळीपासून धरतो, कारण भांडणं तिथेच होतात. टेनिसमध्ये ती ओळ अर्धीच खरी आहे. चेंडू आत पडला की बाहेर, दुसरा टप्पा पडला की नाही, रॅकेट नेटला लागली का, हे सगळे घडलेल्या गोष्टीचे प्रश्न. त्यात खुर्चीवरच्या पंचांचा शब्द शेवटचा. रेफरीसुद्धा, म्हणजे संपूर्ण स्पर्धेचे प्रमुख अधिकारी, तो बदलू शकत नाहीत. पण ‘या परिस्थितीत नियम कोणता लागतो’ हा प्रश्न आला की खेळाडू रेफरींना बोलावू शकते आणि तिथे रेफरींचा शब्द शेवटचा. सामन्यातून बाद करण्याचा अधिकारही रेफरींचाच.

२०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये महिला दुहेरीत मियू काटोने दोन गुणांच्या मधे मारलेला चेंडू बॉलगर्लला लागला. पंचांनी आधी ताकीद दिली होती. मुलगी रडते आहे याकडे प्रतिस्पर्धी जोडीने लक्ष वेधलं, अधिकारी कोर्टावर आले आणि काटो व तिची साथीदार आल्दिला सुत्जियादी यांना बाद केलं गेलं. म्हणजे पंचांचा निर्णय अंतिम नव्हता. त्याच स्पर्धेत काटोने पुढे टिम प्युट्झबरोबर मिश्र दुहेरी जिंकली, हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

म्हणून पत्रकात ‘मुख्य पंच’ हा शब्दच टाळा. पेपरात तो खुर्चीवरच्या पंचांसाठी वापरतात आणि मग रेफरींसाठी शब्द उरत नाही. कबड्डीतला ‘सरपंच’ अर्थाने जवळचा आहे, पण ग्रामपंचायतीने तो कधीच व्यापला. ‘पंच’, ‘रेषापंच’ आणि ‘रेफरी’ असे तीन शब्द पुरेत. ओळ अशी करा : ‘चेंडू, टप्पा व स्पर्श यांबाबत पंचांचा निर्णय अंतिम, नियमाच्या अर्थाबाबत रेफरींचा.’

मिरजवाली :
सर, ‘अखिलाडूवृत्ती’ नियमपत्रकात नकोच. वृत्ती मनात असते, तिला दंड करता येत नाही. पंचांना दिसतं ते वर्तन. तिथे ‘गैरवर्तन’ लिहा. आणि ‘खिलाडूवृत्ती’ हा सुंदर शब्द, ज्यात बाई-पुरुष हा भेदच नाही, तो जिथे नियम संपतो तिथल्यासाठी राखून ठेवा.

उदाहरण २००३ च्या फ्रेंच ओपनच्या उपांत्य सामन्याचं. जस्टिन एनँ आणि सेरेना विल्यम्स, तिसरा सेट, सेरेना ४-२ ने पुढे, स्वतःच्या सर्व्हिसवर ३०-०. सेरेना सर्व्हिसच्या हालचालीत असताना पलीकडून एनँने हात वर केला, म्हणजे आपल्या पोरांच्या खेळातलं ‘टाइमप्लीज’. सेरेनाची सर्व्हिस नेटमध्ये गेली. तिने पंचांना सांगितलं की समोरून हात वर झाला होता, मला पहिली सर्व्हिस पुन्हा मिळाली पाहिजे. नियमही तोच आहे : रिसीव्हरने, म्हणजे सर्व्हिस परतवणारीने, तयार नसल्याचं खुणेने दाखवलं असेल, तर त्या सर्व्हिसला फॉल्ट (चुकलेली सर्व्हिस) धरत नाहीत. पण पंचांना हात दिसलेला नव्हता. एनँ गप्प उभी राहिली. सेरेनाला दुसरी सर्व्हिस करावी लागली, तो गेम गेला आणि शेवटी सामनाही, ६-२, ४-६, ७-५. आपण हात वर केला होता हे एनँने बऱ्याच वर्षांनी मान्य केलं.

आता यात नियमभंग कोणाचा? हात वर करणं हा गुन्हा नाही. पंचांनी न दिसलेलं मानलं नाही, तेही बरोबर. पंचांनी विचारल्याशिवाय बोलायचं बंधनही खेळाडूवर नाही. तरी त्या क्षणी जे हरवलं, त्यालाच मराठीत ‘खिलाडूवृत्ती’ म्हणतात. शब्दाची हद्द अशी आखली की तो दमदार राहतो. रॅकेट आपटण्यापासून ती मोडेपर्यंत सगळ्याला ‘अखिलाडू’ म्हणत सुटलं, तर एनँच्या गप्प बसण्याला शब्दच शिल्लक राहत नाही.

हरिपूरकर :
ताई, पटलं. ‘गैरवर्तन’ घेतो. मग ‘वॉर्निंग’ला ‘ताकीद’, ‘इशारा’, ‘समज’ यातलं काय? मुलींना कळलं पाहिजे की दुसऱ्यांदा काय होतं.

कोरेगावकर :
हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरू नका. ‘तोंडी समज’ म्हणजे पंच हळूच सांगतात, ‘पुन्हा करू नकोस’. ती कुठे लिहिली जात नाही, मोजली जात नाही. ‘ताकीद’ पंच माइकवर जाहीर करतात, ती नोंदली जाते आणि सामना संपेपर्यंत खात्यावर राहते. ग्रँड स्लॅममधला क्रम असा : पहिल्या गैरवर्तनाला ताकीद, दुसऱ्याला एक गुण दंड (तो गुण समोरचीला), तिसऱ्याला एक गेम दंड, त्यापुढे बाद करायचं की नाही ते रेफरी ठरवतात. गैरवर्तन एकाच प्रकारचं असावं लागत नाही. रॅकेट वेगळी आणि शिवी वेगळी असा हिशेब नसतो, बेरीज एकच.

२००९ ची यूएस ओपन उपांत्य लढत यासाठी नीट बघा. सेरेनाने पहिला सेट गमावल्यावर रॅकेट आपटली, ताकीद मिळाली. दुसऱ्या सेटमध्ये किम क्लायस्टर्सविरुद्ध ५-६, १५-३० असताना दुसऱ्या सर्व्हिसला रेषापंचाने फुटफॉल्ट (सर्व्हिस करताना पाय रेषेवर) दिला. तो डबल फॉल्ट झाला, १५-४०. ती रेषापंचावर धावून गेली, धमकीची भाषा वापरली. हे दुसरं गैरवर्तन, म्हणून एक गुण दंड, आणि तो एक गुण म्हणजेच सामना. लोक म्हणतात ‘फुटफॉल्टवर सामना गेला’. फुटफॉल्टने दोन मॅचपॉइंट आले. सामना गेला तो पहिल्या सेटनंतरच्या ताकिदीत दुसऱ्या गैरवर्तनाची भर पडली म्हणून.

२०१८ च्या यूएस ओपनच्या अंतिम सामन्यातही सेरेनाची तीच बेरीज. प्रेक्षकांतून प्रशिक्षकाची खूण, ताकीद. रॅकेट मोडली, गुण दंड. पंच कार्लोस रामोस यांना चोर म्हटलं, गेम दंड. प्रतिस्पर्धी नाओमी ओसाकाचे ४-३ चे ५-३ झाले. ओसाका ६-२, ६-४ जिंकली आणि सेरेनाला एकूण १७,००० डॉलर दंड झाला. पहिली ताकीद मागे घेतली गेली अशी सेरेनाची समजूत होती, म्हणून गुण दंड ऐकून ती हादरली. ज्यांनी रामोस यांच्यावर टीका केली त्यांचा मुख्य मुद्दा होता, आधी तोंडी समज का दिली नाही? नियमाने ती देणं बंधनकारक नाही. न्याय्यपणाचा प्रश्न वेगळा : समज द्यायची असेल तर सगळ्यांना द्यावी, नाहीतर कोणालाच नाही.

वेळेची ताकीद मात्र वेगळ्या खात्यात. दोन गुणांच्या मधे २५ सेकंद. पहिल्यांदा ताकीद, नंतर सर्व्हिस करणारीला फॉल्ट आणि रिसीव्हरला एक गुण दंड. आणि ‘बाहेरून मार्गदर्शनास सक्त मनाई’ असं जुन्या पत्रकावरून उतरवू नका. १ जानेवारी २०२५ पासून आयोजकांनी परवानगी दिली असेल तर कोर्टाबाहेरून थोडक्यात सूचना चालतात. तुमच्या स्पर्धेत चालतात की नाही ते स्पष्ट लिहा.

मिरजवाली :
‘चोर’ या शब्दावर थांबायला हवं. नियमावलीत शाब्दिक गैरवर्तनाची व्याख्या फक्त शिवीगाळीपुरती नाही. पंच, प्रतिस्पर्धी किंवा इतर कोणी अप्रामाणिक आहे असं सूचित करणारं विधानही त्यात येतं. ‘तुम्ही चुकलात’ चालतं. ‘तुम्हाला दिसलं नाही’ चालतं. ‘तुम्ही गुण चोरलात’ चालत नाही, कारण चूक डोळ्यांची असते आणि चोरी हेतूची.

आपल्या भागात हे सगळ्यात जास्त लागू आहे. कुस्तीच्या फडापासून शालेय स्पर्धेपर्यंत निकाल पटला नाही की पहिला शब्द येतो ‘मॅनेज’. ‘पंच मॅनेज आहे’, ‘निकाल मॅनेज केला’. बोलणाऱ्याला ते नुसतं नाराजी दाखवणं वाटतं, पण तो सरळसरळ भ्रष्टाचाराचा आरोप आहे. बारा वर्षांची मुलगी ते कुंपणाबाहेरून ऐकते आणि पुढच्या सामन्यात कोर्टावर बोलते. पत्रकात मोजकं लिहा : ‘पंच चुकले असे म्हणता येईल. पंच मॅनेज, फितूर, चोर असे म्हटल्यास ताकीद.’ आणि पालकांसाठी हीच ओळ ठळक छापा.

यवतेश्वर :
ताईंच्या ‘गैरवर्तन’ला माझी एक हरकत नोंदवतो. तो शब्द आपल्याकडे पोलीस ठाण्यात आणि कॉलेजच्या नोटीस बोर्डावर वापरला जातो, बाईसाठी वापरला की त्याला भलताच वास येतो. २०१८ च्याच यूएस ओपनमध्ये आलिझे कोर्ने विश्रांतीनंतर परतली, शर्ट उलटा घातलाय हे लक्षात आलं, तिने बेसलाइनमागे पटकन काढून सरळ करून घातला. पंचांनी ताकीद दिली. पुरुष खेळाडू खुर्चीवर उघडे बसून शर्ट बदलतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. आयोजकांनी दुसऱ्या दिवशी खेद व्यक्त केला आणि दंडही झाला नाही. या प्रसंगाची बातमी ‘कोर्नेचे गैरवर्तन’ अशी केली तर तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय. मला ‘वर्तन-नियमभंग’ बरा वाटतो. लांब आहे, पण माणसावर शिक्का मारत नाही.

मिरजवाली :
हे मान्य. कलमाचं नाव ‘वर्तन-नियमभंग’ आणि त्यातला एक प्रकार ‘गैरवर्तन’, असं करू. ‘कोड व्हायोलेशन’चाही प्रश्न त्यातच सुटतो.

कोरेगावकर :
हिंडरन्स म्हणजे ‘व्यत्यय’. ‘अडथळा’ म्हटलं की कोर्टात घुसलेलं कुत्रं किंवा शेजारच्या कोर्टावरून आलेला चेंडू डोळ्यापुढे येतो. आवाजाला कोणी अडथळा म्हणत नाही. २०११ च्या यूएस ओपन अंतिम सामन्यात सेरेनाने फोरहँड मारला आणि समंथा स्टोसर चेंडूपर्यंत पोचायच्या आतच जोरात ‘कम ऑन’ ओरडली. पंच एव्हा अस्देराकी यांनी गुण स्टोसरला दिला आणि सेरेनाची सर्व्हिस भंगली, म्हणजे तिच्या सर्व्हिसचा तो गेम गेला. इथे नेमकेपणा असा हवा : जाणूनबुजून केलेल्या कृतीने व्यत्यय आला तर गुण समोरचीला; नकळत झाला, म्हणजे खिशातून चेंडू पडला, टोपी उडाली, तर गुण पुन्हा खेळायचा. आणि ‘जाणूनबुजून’चा अर्थ ‘त्रास द्यायच्या हेतूने’ असा नाही. ओरडणं स्वतःहून केलं, एवढं पुरे. मुलींना ही ओळ नीट समजावून सांगा, कारण ‘मी मुद्दाम नाही केलं’ हेच उत्तर येणार.

यवतेश्वर :
ओव्हररूलला ‘निर्णय फिरवला’ म्हणू नका. आपल्याकडे फिरवलेल्या निर्णयाला दबावाचा अर्थ चिकटतो. ‘दुरुस्ती’ म्हणा. रेषापंचाची उघड चूक असेल तरच, आणि तत्काळ, या दोन अटींवर पंच दुरुस्ती करतात. २००४ च्या यूएस ओपनमध्ये सेरेना-जेनिफर कॅप्रिआती सामन्यात पंचांनी चांगला पडलेला चेंडू दुरुस्ती करून बाहेर दिला. त्या सामन्यातल्या चुकांनी कॅमेऱ्यांच्या मागणीला जोर चढला आणि २००६ पासून यूएस ओपनमध्ये खेळाडूंना दाद मागता येऊ लागली. तरी यंत्र म्हणजे रामबाण नाही. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये रेषापंच पहिल्यांदाच पूर्ण काढले होते. पावल्युचेंकोवा-सोनाय कार्टल सामन्यात कोर्टाच्या एका भागातली यंत्रणा चुकून बंद राहिली, बाहेर गेलेल्या चेंडूला ‘आऊट’ कोणी दिलंच नाही आणि गेमपॉइंट पुन्हा खेळवला. पावल्युचेंकोवाचा तो गेम गेला, सामना मात्र तिने जिंकला.

आपल्याकडची मातीची कोर्टं असतील तर ‘टप्प्याची खूण’ (चेंडूचा मातीवर उमटलेला ठसा) हा शब्द पक्का करा. पंचांचा अंतिम निर्णय होण्याआधी खेळाडूने खूण पायाने पुसली, तर तिने समोरचीचं म्हणणं मान्य केलं असं धरतात. २०२३ मध्ये बुडापेस्टला अमारिसा तोथने झांग श्वाईच्या चेंडूची खूण पुसली, झांग ‘थांब, ठेव ती’ म्हणत असताना. पण पंचांनी खाली उतरून निर्णय दिलेला होता, म्हणून नियम लागला नाही. झांग रडत सामना सोडून गेली. नंतर तोथने माफी मागितली. मिरजेच्या ताईंनी आखलेली हद्द इथे बरोबर लागू पडते.

हरिपूरकर :
पहिल्या फेऱ्यांना पंच नसतात. तेव्हा काय लिहू?

कोरेगावकर :
तेव्हा प्रत्येक मुलगी नेटच्या आपल्या बाजूच्या चेंडूंचा निर्णय देते. शंका असेल तर चेंडू आत. रेषेला केसभर लागला तरी आत. ‘आऊट’ लगेच आणि समोरचीला ऐकू जाईल असा म्हणायचा, सोबत बोट वर. आऊट म्हणून मग आत होता असं लक्षात आलं, तर पहिल्या वेळी गुण पुन्हा खेळायचा. तो जिंकणारा फटका असेल किंवा तिने आधी एकदा तसं केलं असेल, तर गुण समोरचीचा. प्रत्येक पहिल्या सर्व्हिसआधी सर्व्हिस करणारीने स्कोअर मोठ्याने सांगायचा. हे शेवटचं फालतू वाटतं, पण २००४ च्या विम्बल्डनमध्ये खुर्चीवर पंच असतानाही कॅरोलिना श्प्रेमला टायब्रेकमध्ये एक न जिंकलेला गुण मिळाला आणि ना तिने ना व्हीनस विल्यम्सने जागच्या जागी हरकत घेतली. स्कोअरवरून वाद झाला तर दोघींना मान्य असलेले गुण आणि गेम कायम, फक्त वादातला भाग सोडवायचा. तरीही जमलं नाही, तर खेळ थांबवून रेफरींना हाक मारायची, कुंपणाबाहेरच्या पालकांना नाही.